एकशे एकेचाळिसावं पान

ते पान माझ्यामुळे गेलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी दात बनवतो. डॉक्टर ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणाचा दात घडवतो आणि मग खरा. म्हणजे खोटा.

बायकोच्या मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर पट्टी, वाचायचं नाही. मावशींकडे तीन कपाटं पुस्तकं, आजवर कुणाच्या हाती न पडलेली.

"जावईबापू, रोज दुपारी येऊन ही कादंबरी वाचून दाखवा. नीट जमलं तर कपाटाची किल्ली तुमची."

किल्ली! सहा वर्षं मी त्या काचेला नाक लावून उभा होतो.

"पुढे खुर्चीचा प्रसंग आहे," चौथ्या दुपारी वाचन थांबलं तेव्हा मावशी म्हणाल्या. "काय ते विसरले. पण हसून हसून ठसका लागला होता."

उच्चार चुकू नयेत म्हणून आधी सराव करायला पुस्तक लॅबमध्ये नेलं. वाटी कलंडली. प्लास्टर दहा मिनिटांत दगड होतं. पान १४१-१४२ त्या दगडासकट निघालं, तेही मी वाचायच्या आत. दुसरी प्रत कुठेच मिळेना. वाचन उद्या दोन वाजता.

अलीकडचा दात (पान १४०, शेवटची ओळ):
*अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर धाकटा भाऊ डोक्यावर खुर्ची घेऊन थोरल्या घड्याळजीचा जिना चढला.*

पलीकडचा दात (पान १४३, पहिली ओळ):
*तोवर दोघंही हसत होते आणि खुर्चीला तीन पाय उरले होते.*

मध्ये खिंडार.

पहिला प्रयत्न
*अकरा वर्षांचा अबोला बर्फासारखा वितळला, अश्रूंच्या महापुरात*

बायकोला वाचून दाखवलं. "छान," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. हा दात फारच पांढरा झाला होता. आजूबाजूचे पिवळट असताना मध्ये पांढराशुभ्र दात बसवला, की माणूस हसायचं सोडून देतो.

मग पेन्सिल घेऊन मागची एकशेचाळीस पानं पुन्हा वाचली. आधी गोष्ट वाचली होती. आता बांधकाम बघितलं. हा लेखक तर लबाड निघाला!

उपमा: एकशेचाळीस पानांत चार. (माझ्या एका पानात अकरा.)
'राग आला' हे शब्द: एकदाही नाहीत. राग आला की माणसं वस्तूंबद्दल विचारतात. किटली कुठंय? दार कुणी रंगवलं?
हात कामात असले की वाक्यं तोकडी.

मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, "सापडलं!"

"उतर खाली," बायको म्हणाली.

दुसरा, चौथा, सातवा प्रयत्न
तोंडात दात बसवला की निळा कागद चावायला देतात. निळा डाग पडतो तिथं दात उंच, तेवढाच घासायचा. बायको ज्या वाक्याला "वा!" म्हणाली, ते काढलं. बिचारी चिडली. "मग ऐकवतोस कशाला?"

दुपारचे दोन
मावशी उशीला टेकून बसलेल्या. मी १४० संपवलं आणि श्वास न घेता पुढे निघालो:

*धाकट्यानं खुर्ची खाली ठेवली.*
*"घरातली आहे. अर्धी तुझी."*
*घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. खुर्चीभोवती एक फेरी मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलला.*
*"कुठली अर्धी?"*
*त्यानं एक पाय धरला. धाकट्यानं पाठ धरली. दोघांनी ओढली. पाय हातात आला.*
*"ही," धाकटा म्हणाला.*

मावशींना आधी हुंदक्यासारखं काहीतरी आलं, मग ठसका, मग त्या पट्टी धरून गदागदा हलायला लागल्या. "कुठली अर्धी! अगं आई गं! काय लिहितो हो हा माणूस! असा लेखक पुन्हा होणे नाही!"

गप्प बसायचं होतं. एवढंच काम. किल्ली टेबलावर, हाताच्या अंतरावर.

"मावशी, ते मी लिहिलंय."

हसू थांबलं. मी सगळं सांगितलं. वाटी, प्लास्टर, दगड. मावशींनी चाचपडत किल्ली उचलली आणि उशीखाली सारली.

"पुस्तकाचं वाटोळं केलंत. एकही पुस्तक मिळायचं नाही."

"बरं."

"बरं काय? लाज वाटते का?"

"खूप वाटते."

"मग हसताय कशाला?"

"तुम्ही हसलात म्हणून."

"मी लेखकाला हसले, तुम्हाला नाही!"

"तो मीच, मावशी."