येणं-जाणं

समीक्षाने सखूच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि म्हणाली, "मूठ वळा, काकू. आणि इकडे बघा जरा. मागच्या दारात कोण आहे?"

"कोण नाय," सखू म्हणाली आणि मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

सुई आत गेली. सुईचं तिला काही वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष मागच्या दारातून दिसणाऱ्या गडग्याकडे होतं. काळ्या-तांबड्या दगडांचा तो बांध कमरेएवढा उंच, आणि त्याच्या पलीकडे बिल्किसचं घर. बिल्किस भांडी घासायला बसली की अर्ध्या वाडीला कळतं. आज सकाळपासून तिथून आवाज नव्हता.

ओटीवर रघू, तिचा नवरा, शाल गुंडाळून बसला होता. हा सगळा खटाटोप त्याच्या तापापायी. दिवाळीपासून ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. संध्याकाळी अंग भाजायचं, पहाटे घामाने गोधडी भिजायची आणि दिवसभर सांधे ठणकत राहायचे. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या, ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी रत्नागिरीच्या एका डॉक्टरने आधी औषधाचं न बोलता विचारलं, "घरी गुरं आहेत का?" आणि रक्तात निघालं की ताप गाईकडून आलाय. गणपतीत तांबूने दिवस भरायच्या आत वासरू टाकलं होतं. तो आजार तिच्या दुधातूनही बाहेर पडत होता, आणि रघू रोज सकाळी तेच दूध गाईजवळ उभ्या उभ्या, न तापवता, लोटाभर पीत होता. त्याच्या बापाने तसंच प्यायलं होतं आणि आज्यानेही. आता सहा आठवडे गोळ्या होत्या, आणि दूध उकळून प्यायचं होतं. गोळ्यांचं त्याने मनाला लावून घेतलं नाही. उकळलेल्या दुधाने मात्र तो खरोखर दुखावला होता.

एकाला असा आजार निघाला की घरातल्यांचं आणि शेजारपाजाऱ्यांचंही रक्त तपासतात. ज्यांनी दूध प्यायलं, ज्यांनी जनावराला हात लावला, त्या सगळ्यांचं. त्यासाठीच आरोग्य केंद्रातून समीक्षा आली होती. पोरगी भाट्याची, समुद्रकाठची. देवरूखच्या बाजूचे हे चढ चढताना तिला धाप लागायची, पण जिभेवर साखर. वाडीत तिला चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नसे.

"गाय गाभडली तेव्हा हात कोणी कोणी लावला, काकू?" तिने कापूस दाबत विचारलं.

"मीच."

"एकटीने? आणि वार?"

वासरामागून वार पडायला हवी, ती तांबूची पडलीच नव्हती. आत हात घालून काढावी लागली होती.

"ती पण मीच काढली."

"अहो, शेपूट धरायला तरी कोणी असेल की."

"खुंट्याला बांधली व्हती," सखू म्हणाली. गाय की शेपूट, ते तिने सांगितलं नाही.

समीक्षाने ओटीकडे तोंड केलं. "आणि काका, ते पलीकडचं घर?"

"त्यांचं आमचं येणं-जाणं नाय," रघू म्हणाला.

हे तिला वाडीत शिरल्याबरोबरच दोघा-तिघांनी सांगितलं होतं. तिने मान हलवली, निळा डबा उचलला आणि खालच्या अंगाला गंगारामच्या घराकडे निघाली.

बिल्किसचा नवरा फारुक आणि रघू एका शाळेतले, एका बाकावरचे. कुवेतहून कायमचा परत आल्यावर फारुकने नवं घर बांधायला काढलं, आणि चिऱ्यांचा ट्रक आत यावा म्हणून गडग्यावरचा रातांबा तोडला. झाड निम्मं त्याचं, निम्मं रघूचं. रघूची आई दर उन्हाळ्यात त्याच झाडाची आमसुलं करायची. रघू म्हणाला, विचारायचं तरी. फारुक म्हणाला, झाडाला विचारू की तुला? तिथे बोलणं बंद झालं ते झालंच. पुढे फारुकच्या उमेरचा निकाह झाला, रघूच्या विनीतचं लग्न झालं, पण हा त्या मांडवात गेला नाही आणि तो ह्या. दोन्ही बापे पन्नाशी उलटलेले, पण हट्टाच्या बाबतीत अजून पाचवीतच बसलेले.

गंमत अशी की झाड गेल्यावर गडग्याला तिथे खिंडार पडलं, आणि ते बुजवायचं कुणी यावर पुन्हा गाडी अडली. मग त्या खिंडारात, रातांब्याच्या उरलेल्या खोडाशी, बायका बसू लागल्या. सखू इकडून यायची, बिल्किस तिकडून. सुक्या बोंबलाचं कालवण इकडे यायचं, खरवस तिकडे जायचा आणि फारुकला तो देवरूखच्या बाजारातला म्हणून खपवला जायचा. नवरे यायच्या आत उठायचं, एवढंच एक पथ्य. तेही अवघड नव्हतं. रघूला मागच्या दारी येताना लांबूनच घसा फाडून खाकरायची खोड होती, आणि फारुकची ती कुवेतची जाड चप्पल अशी फरफटत यायची की झोपलेलं माणूस उठून बसावं. दोघी त्यांच्या नकला करून पोट धरून हसायच्या. "अल्लाने दोघांच्या गळ्यात घंटा बांधून पाठवलंय बघ," बिल्किस म्हणायची.

तांबूने वासरू टाकलं तो विसर्जनाचा दिवस. सगळी वाडी गणपती घेऊन पऱ्याच्या पाण्यावर गेलेली. सखूने एक हाक मारली आणि बिल्किस खिंडारातून धावत आली. तिच्या माहेरी शेळ्या होत्या, असली कामं तिच्या हाताखालून गेलेली. सखूने शेपूट धरली, आणि बिल्किसने कोपरापर्यंत हात आत घालून हळूहळू, गाईशी बोलत बोलत, वार सोडवली. आदल्याच दिवशी विळीने तिचं बोट कापलं होतं, त्यावरची चिंधी तिने तेवढ्यापुरती काढून ठेवली होती. मग दोघींनी एकाच बादलीत हात धुतले, वासरू परसात पुरलं आणि थोड्या रडल्या. ढोल परत वाडीत यायच्या आत बिल्किस आपल्या घरी होती.

समीक्षा दिसेनाशी झाल्यावर सखू मागे आली. बिल्किस खोडाला टेकून बसली होती. उन्हातसुद्धा तिने शाल घेतली होती. भांडी तशीच पडली होती.

"काल पण आला ताप?"

"रोजच येतो गो. सांज झाली की आलाच. कंबर तर पार गेली माझी."

सखूने तिच्या कपाळाला हात लावला. रघूच्या कपाळासारखाच चटका बसला.

"तोच ताप हाय हा, बिल्किस. सगळं तसंच. नर्सबाय आलीय तोवर रक्त देऊन टाक."

"आणि ह्यांना काय सांगू? कोणाच्या गाईला हात लावला? उमेरने फोनवर नुसतं म्हटलं, अब्बा, बोला ना आता रघूचाचांशी, तर ताटावरून उठले." बिल्किसने डोळे मिटून घेतले. "आणि तुझा रघू? आधीच आजारी माणूस. ऐकलं तर अजून चढेल त्याचा ताप."

"मग तुला अशीच तापात ठेवू?"

"मरत नाय मी इतक्यात. तुझ्या शेवग्याची फांदी लावायचीय मला, किती दिवस देते देते म्हणतेस."

सखूला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात घराच्या कोपऱ्याआडून ते नेहमीचं दणदणीत खाकरणं ऐकू आलं. बिल्किस सवयीने उठायला गेली, पण गुडघ्यांनी दगा दिला. तिने गडग्याचा दगड धरला, तशीच खाली घसरली आणि पलीकडच्या बाजूला अंग चोरून बसून राहिली. रोजची चपळ बाई, भिंतीआड गोळा होऊन पडली होती.

"नर्सबाय परत आलीय, निघायच्या घाईत हाय," रघू कोपऱ्यावरूनच म्हणाला. "चहा ठेव."

सखूने चहा ठेवला, ओतला, ओटीवर नेला. समीक्षा डब्याचं झाकण लावत होती.

"हा डबा आजच रत्नागिरीला जाणार," ती म्हणाली. "कोणी राहिलं नाही ना?"

"राहिलंय," सखू म्हणाली.

रघूने मान वर केली. सखूने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ उचलली नसती.

"तांबूची वार मी नाय काढली. बिल्किसने काढली. मी शेपूट धरली व्हती. तिच्या बोटाला जखम पण व्हती, आणि तिला आता ताप येतोय. असाच. रोज."

"रोज?" रघू म्हणाला. "कधीपासून?"

"आठवडा झाला."

"आणि तू हे आत्ता सांगतेस?" त्याचा आवाज एवढा चढला की समीक्षाने कप खाली ठेवला. "मी गोळ्या खाऊन हितं बरा व्हतोय, आणि ती तिकडं तापाने फणफणतेय? माझ्या गाईपायी? अगो, तुला काय वाटलं काय?"

"तुमाला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"आमी दोघी बसतो ते. खिंडारात."

रघूने शाल खांद्यावर सारखी केली आणि थोडा वैतागून, थोडा लाजून म्हणाला, "मग इतकी वर्षं मी खाकरत येतो, ते काय माझा घसा बिघडलाय म्हणून?"

सखूला आठवलं, शेतावर नाही, देवळात नाही, पंगतीत नाही, हा माणूस खाकरतो तो फक्त मागच्या दारी येताना. बिल्किसला उठायला वेळ मिळावा म्हणून. आणि आपण त्याच्या नकला करत होतो. तिला त्या क्षणी त्याचे पायच धरावेसे वाटले, पण नर्सबाईसमोर ते काही बरं दिसलं नसतं.

"चला, ताई," रघू समीक्षाला म्हणाला. "डबा घ्या."

ताप अंगात होता, चाल डळमळत होती, पण तो स्वतः पुढे निघाला. खिंडारापाशी आला आणि थांबला. इतक्या वर्षांनी काय म्हणून हाक मारायची तेच त्याला सुचेना. शेवटी तो खाकरला.

गडग्याआड हालचाल झाली.

"बसा, भाबी," रघू म्हणाला. "उठू नका आता. नर्सबाय आलीय तुमच्याकडं."

बिल्किसने वर पाहिलं. आधी रघूकडे, मग त्याच्या मागून येणाऱ्या सखूकडे. सखूने नुसती मान हलवली आणि खिंडार ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसली. समीक्षाने रातांब्याच्या खोडावर फडकं पसरलं, त्यावर बिल्किसचा हात ठेवला आणि पट्टा आवळला. "घाबरू नका, काकू. आजार निघाला तरी गोळ्यांनी बरा होतो. काकांचा होतोय की."

"ह्यांना काय सांगायचं?" बिल्किस पुटपुटली.

"ते मी सांगतो," रघू म्हणाला. त्याने घराकडे तोंड करून, शाळेत मारायचा तशी हाक मारली. "फारुक! बाहेर ये रे. भाबीला माझ्या गाईचा ताप लागलाय."

बऱ्याच वेळाने आतून ओळखीचा आवाज आला. कुवेतची जाड चप्पल, फरफट, फरफट.

बिल्किसने घाईघाईने हात काढून घ्यायला पाहिलं. सखूने तिचं मनगट धरलं.

"बस गो," ती हळूच म्हणाली. "एक सांग. शुक्रवारी नमाजाला जातात तेव्हा वाजते का गो ही चप्पल?"

बिल्किस तिच्याकडे बघू लागली, मग घराकडे. चप्पल अजून लांब होती, आणि रोजच्यासारखीच, दोघींना उठायला पुरेल इतका वेळ देत येत होती.

दोघी बसून राहिल्या.