वाट पाहण्याचं प्रकरण

भय्यासाहेब कचेरीतून निवृत्त झाले आणि गढा मोहल्ल्यातल्या घरी कादंबरी लिहायला बसले. साल सदुसष्ट. त्यांचं सगळं शिस्तीत. आधी आराखडा, मग लिखाण. जाड वहीत वीस प्रकरणांची वीस पानं आखून झाली होती. नायिका म्हणजे त्यांच्याच घरी धुणंभांडी करणारी शेवंता. तिला विचारायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

शेवंताची एकुलती एक लेक कलावती इटारसीच्या रेल्वेतल्या पोराबरोबर पळून गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. शेवंताला अक्षरओळख नव्हती. पत्र आलंच तर याच घरी येणार, वाचून दाखवणार तेही भय्यासाहेबच. पोस्टमन गेला की ती हात पुसत विचारायची, "आली काय जी चिठ्ठी?"

माघात चिठ्ठी आली. 'आई, मला आठवा लागलाय. भीती वाटते. राग सोड आणि ये.'

भय्यासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. नेमकं पाचवं प्रकरण चाललेलं, आईच्या वाट पाहण्याचं. शेवंता कशी उभी राहते, कुठला शब्द गिळते, रोज काहीतरी नवीन हाती लागत होतं. आता पत्र दिलं की सगळा मामला आटोपला. आठ दिवसांनी देऊ, असं ठरवून त्यांनी ते वहीत ठेवलं. त्या आठ दिवसांचा महिना झाला.

"काहून लिहीत नसंल थे? माह्यावर राग धरून राहिली," शेवंता म्हणायची.

"येईल हो," भय्यासाहेब म्हणायचे आणि ती वळली की वाक्य टिपून घ्यायचे. आपण दुष्ट आहोत असं या गृहस्थाला एकदाही वाटलं नाही.

फाल्गुनात जावयाचं हिंदीतलं कार्ड आलं. कलावती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. शेवटपर्यंत आईला विचारत होती. भय्यासाहेबांना त्या दुपारी जेवण गेलं नाही. पण सांगायचं तर पहिल्या पत्राचंही सांगावं लागणार. त्यांनी दोन्ही कागद बंबात घातले.

मग आराखडा बदलला. आईला पत्र वेळेवर मिळतं, ती इटारसीला पोचते, नात मांडीवर घेते. पत्र दाबून ठेवणारा मालक त्यांनी एकदा लिहून पाहिला होता. वाचकांना पटायचा नाही म्हणून खोडला.

मन हलकं व्हावं म्हणून एका सकाळी त्यांनी ते पान शेवंताला वाचून दाखवलं. ती दाराशी उकिडवी बसून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ तिने पदर डोळ्यांवरून काढला नाही.

"लई चांगलं लिवलं जी," ती म्हणाली. "कलावतीचा पत्ता आला का हे पान तिले धाडा. थे वाचंन. आई वाट पाहून राहिली, समजंन तिले."

"धाडतो," भय्यासाहेब म्हणाले आणि तिचं हे बोलणं कुठल्या प्रकरणात बसेल ते शोधायला त्यांनी वही उलटी चाळायला घेतली.