हंगाम सरल्यावरचा खकाणा

"खकाणा लागलाय हो डाक्टर, दुसरं काही नाही. डंखाच्या अंगालाच ऱ्हातो ना आम्ही!"

हा आवाज नम्रताच्या आईचा, कमलाबाईंचा. एकतीस वर्षं झाली त्याला. पण लालबागच्या त्याच पालिकेच्या दवाखान्यात, त्याच लाकडी बाकाजवळून जाताना तो अजून नम्रताच्या कानाशी येऊन बसतो. तेव्हा ती सहा वर्षांची होती. डोळे सुजून जांभळाएवढे, छातीत भाता फाटल्यासारखा श्वास. म्हातारे डॉक्टर हसले होते. "लालबागची पोरं ही, मसाल्यातच मुरायची!" बाकावरच्या बाया हसल्या. आईही हसली. डॉक्टर वाकून म्हणाले, "काय गं छबे, खकाणाच ना?"

नम्रतानं मान हलवली. हो. खकाणा.

एवढीशी मान हलली, आणि सगळं त्या मानेखाली गाडलं गेलं.

चैत्र-वैशाखात लालबागेत मसाला कुटायचे डंख धडधडतात. बाया पिशव्या भरभरून मिरच्या आणतात, लोखंडी मुसळं वरखाली नाचतात आणि लाल पूड हवेत उधळते. नाकात, डोळ्यांत, उशीच्या अभ्र्यात, चहाच्या कपात. तो खकाणा. त्या दोन महिन्यांत गल्लीतलं प्रत्येक पोर खोकतं, प्रत्येकाचे डोळे लाल. दवाखान्यात कुणी कारण विचारत नाही. रजिस्टरात लिहायलाही एक अक्षर पुरतं, 'ख'. नम्रताच्या आधीच्या सिस्टर तेच लिहायच्या. नम्रताही बारा वर्षं तेच लिहीत आली.

यंदा जानेवारीत मात्र डॉ. इनेझनी नवा फॉर्म आणला. बाई मूळच्या गिरगावच्या, ख्रिस्ती. मराठी बोलायच्या ते थेट, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला दहा प्रश्न विचारायचे, आणि ते आईबापाला बाहेर बसवून.

"आपण पोलीस नाही, कळलं ना?" त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. "मूल मोडल्यावर जोडत बसायचं, हे खूप झालं. मोडायच्या आधी कळलं पाहिजे. आणि घरातल्या मोठ्या माणसालाही मदत लागते कधीकधी, तीपण देता येते. पण विचारलंच नाही, तर काय डोंबल कळणार?"

सहावा प्रश्न होता : घरी शिक्षा म्हणून कुणी मारतं, कोंडतं, चटके देतं, किंवा आणखी काही करतं का?

त्या 'आणखी काही'मध्ये नम्रताचं सगळं लहानपण मावत होतं.

म्हणून ती एक गोष्ट करायची. सकाळी दार उघडण्याआधी चहा घेता घेता चाळीस फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात ओढायची आणि सहाव्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण करत जायची. एका दमात, चाळीस वेळा नाही. वॉर्डबॉय जेरी म्हणायचा, "सिस्टर, फास्ट हां एकदम!" त्याला वाटायचं, कामाचा उरक. पण बाकीचे नऊ प्रश्न ती मुलांना नीट विचारायची, हसवून, गालाला हात लावून. सहावा तेवढा ओलांडून सातव्यावर जायची.

श्रावणातला सोमवार होता. डंख कधीचेच गप्प झाले होते, मुसळांवर गोणपाटं पडली होती, गल्लीत मंडपाचे बांबू येऊन पडले होते. साडेअकराला सलोनी तिच्या पोरीला घेऊन आली. मनू, सात वर्षांची. एप्रिलमध्ये आली होती, मेमध्ये आली होती, आता तिसऱ्यांदा. डोळे लाल, पापण्या फुगलेल्या, श्वास शिट्टी वाजवणारा.

"परत का गं?" नम्रतानं विचारलं.

"खकाणा लागलाय हो सिस्टर," सलोनी म्हणाली. "दुसरं काही नाही."

नम्रताचा हात रजिस्टरावर होता. पेनानं 'ख' लिहूनही टाकला होता. मग पेन थांबलं.

ती पोरीवर वाकली, तिच्या केसांचा वास घेतला. कुटलेल्या मिरचीचा वास कोरडा असतो, उन्हाचा. हा तसा नव्हता. हा जळलेल्या मिरचीचा होता, तव्यावर टाकून काळी केलेल्या. केसांच्या मुळात तीन दिवस राहणारा. शिकेकाईनं जात नाही, खोबरेल तेलानं जात नाही, उलट तेल लावलं की वर येतो. जगात हा वास ओळखणारी माणसं किती असतील कोण जाणे. त्यातली एक त्या क्षणी टेबलाची कड धरून उभी होती.

तिनं रजिस्टर मागं उलटलं. एप्रिल : ख. मे : ख. अक्षर तिचंच. दोन्ही वेळचे फॉर्म काढले. सहावा प्रश्न : नाही. नाही. खूणही तिचीच, सकाळच्या चहाची.

मनूला वाफ द्यायला बसवलं. मशीन घरघरू लागलं, मास्कमागं पोरीचा चेहरा धुरकटला. नम्रतानं सलोनीला केसपेपर काढायला बाहेर पाठवलं आणि स्टूल ओढून पोरीपाशी बसली.

"मनू, शाळेत कोण गं मैत्रीण तुझी?"

"एलिना."

"भांडता का?"

"ती भांडते. मी नाही."

"आणि घरी? घरी कोण रागावतं?"

पोरीनं मास्कच्या काठावरून बघितलं. मोठ्या माणसानं दारात उभं राहून माणूस जोखावा, तसं. मग म्हणाली, "खकाणा लागला. डंखाच्या बाजूला राहतो ना."

पाठ केलेलं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. नम्रताला ठसका लागला, तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी.

मनूनं मास्क थोडा बाजूला केला. "तुला पण दिली?"

'लागला' नाही म्हणाली. दिली. मिरचीची धुरीच देतात ना, खकाणा कुणी देत नाही. पोरीलाही कळलं आपण काय बोललो ते. तिनं मास्क झटकन नाकावर दाबला आणि डोळे मिटून घेतले.

आता पुढचा प्रश्न नम्रतानं विचारायचा होता. सदतीस वर्षांची बाई, बारा वर्षांची नोकरी, हजार पोरांना सुया टोचलेली, आणि जिभेवर कुणी तवा ठेवल्यासारखी बसून राहिली. तिला आठवत होतं ते भलतंच. आई मिरच्यांची देठं काढायला बसली की गुणगुणायची ते :

देठ खुडिते मिरचीचं, बोटं माझी गं पोळती
लेक माझी शेवंतीची, डोळे कशानं गळती

कशानं गळती! आईला काय ठाऊक नव्हतं? तरी ती गाण्यात विचारायची, कारण गाण्यात विचारलं की उत्तर द्यावं लागत नाही.

मशीन थांबलं. डॉ. इनेझ केबिनमधून बाहेर आल्या, पोरीची छाती तपासली, फॉर्म हातात घेतला. तोच गठ्ठ्यातला, 'नाही' आधीच केलेला.

"तिसऱ्यांदा. आणि आत्ता कुठला मसाला गं, ऑगस्टमध्ये?" त्या नम्रताकडे वळल्या. "सहावा विचारलास ना? एकटीला?"

"हो मॅडम."

शब्द तोंडातून सुटला आणि नम्रताला वाटलं, आपण आत्ता, या क्षणी, बाहेरून दाराला कडी घातली.

"नक्की?"

"नाही म्हणाली."

बाईंनी श्वासाचा पंप लिहून दिला. सलोनी कागद घेऊन आली, पोरीचा हात धरला. तिचा फोन वाजला. "हां, झालं, आले. आले म्हणते ना!" खाली वैभव बाइकवर होता, मनूचा बाप. खिडकीतून त्याचं हेल्मेट दिसत होतं आणि हॉर्नवर ठेवलेला अंगठा. मनू दारापाशी गेली, मागं वळली, नम्रताकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, मागणंही नव्हतं. नम्रता ते बघणं ओळखत होती. एकतीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्या डॉक्टरांकडे तिनंही तसंच बघितलं होतं, मान हलवून झाल्यावर. तुम्हीपण तसलेच ना, ठीक आहे, असं.

मायलेकी जिना उतरल्या. एक वळण. दुसरं वळण.

नम्रता धावली. तिची एक चप्पल जिन्यात राहिली. "सलोनी! थांब! फॉर्म राहिला!"

"झाला ना मघाशी?"

"तो खोटा होता."

खाली हॉर्न वाजला. सलोनीचा चेहरा पांढरा पडला. "सिस्टर, सोडा. ते चिडतील. रात्री परत ड्युटीला जायचंय त्यांना, झोप झालेली नाही."

"जेरी!" नम्रता वर तोंड करून ओरडली. "खाली जाऊन त्यांना सांग, पोरीला अजून वाफ द्यायची आहे, तासभर लागेल. आणि तिथंच उभा राहा!"

दोघींना वर आणून केबिनचं दार तिनं लावलं. आत चौघीच. डॉ. इनेझ काही विचारणार तोच नम्रतानं ड्रॉवरमधला उरलेला गठ्ठा आणून टेबलावर टाकला. सकाळी खुणा केलेले, नावं नसलेले फॉर्म.

"हे काय आहे?"

"मी आधीच करते मॅडम. जानेवारीपासून. सहावा मी कुणालाच विचारला नाही."

बाईंनी फॉर्म चाळले. एक, दोन, दहा. त्यांचा चेहरा लाल होत गेला. "आठ महिने? देवा रे. नम्रता, हे किती मुलांचं... तू काय केलंस, तुला कळतंय? तुझी नोकरी जाईल, ते सोड. ही पोर तीनदा आली!"

"कळतंय."

"मग का?"

सलोनीच मध्ये बोलली, आवाज चढवून, घाबरलेलं माणूस चढवतं तसा. "काय चाललंय तुमचं? माझ्या पोरीला काय झालंय? खकाणा लागला म्हटलं ना! दृष्ट काढली परवा, मिरच्या जरा जास्त पडल्या. तुमच्यात काढत नाहीत? आणि हट्टी आहे ती, सात वर्षांची घोडी रोज अंथरूण भिजवते. एक खोली आमची, माणूस रात्रपाळी करून येतो, झोपायला कोरडी जागा नाही. तुम्हाला काय जातंय विचारायला! मला दोन शब्द कुणी विचारत नाही!"

"मी विचारते," डॉ. इनेझ हळू म्हणाल्या. राग त्यांनी गिळला होता, दिसत होतं. "बस. तुलाच विचारते. कुणी तुला पकडून नेणार नाही इथून. पण पोर आज या श्वासावर घरी जाणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात ठेवू, मी सोबत येते. अंथरुणाचं औषध असतं, उपाय असतो. घरातल्या रागाचाही असतो, त्याच्यासाठी माणसं आहेत. फक्त काय झालं ते सांग."

"काही नाही झालं." सलोनीनं पदर तोंडाशी घेतला. "खकाणा."

खाली पुन्हा हॉर्न. या वेळी लांब. मनूनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

तेव्हा नम्रता खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर, सलोनीच्या पायांशी. एक पाय अनवाणी. बोलताना तिनं कुणाकडे बघितलं नाही.

"आमच्या मोरीला पत्र्याचं दार होतं. मी खोटं बोलले, शाळेत पाटी हरवली, काही झालं की बाबा तव्यावर मिरच्या टाकून आत ठेवायचे आणि मला आत ढकलायचे. खालच्या फटीत नाक लावून मी पडायची, तिथं थोडी हवा यायची. त्याच फटीतून मला आईची बोटं दिसायची. पायाची. जोडवी घातलेली. बाबा दार लावून खाटेवर जाऊन बसायचे सलोनी, दार ते धरायचे नाहीत. दार आई धरायची. नंतर तीच दुधानं डोळे धुवायची, तीच इथं आणायची, तीच सांगायची खकाणा लागला म्हणून. मी तिच्यावर कधी रागावले नाही. ती गेली मागच्या वर्षी, शेवटपर्यंत मी तिच्या तोंडात पाणी घातलं, पण विचारलं नाही. वाटायचं, विचारलं तर ती मरेल. न विचारता पण मेलीच. तिनं सोडलं असतं ना दार... नुसतं सोडलं असतं. मारायला नको, भांडायला नको. हात काढून घेतला असता फक्त."

डॉ. इनेझनी हातातलं पेन खाली ठेवलं. मनू खुर्चीवरून उतरली, नम्रताजवळ आली, तिच्या केसांना नाक लावून वास घेतला.

"हिचा गेला," ती आईला म्हणाली.

सलोनीच्या तोंडावरचा पदर खाली आला. तिनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, पालथा केला, उताणा केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून तिच्या मांडीवर राहिला होता. खाली हॉर्न वाजतच होता. ती उठली नाही.

"तवा ते ठेवतात," ती म्हणाली. "दार मी धरते."