आत्याची पापणी आणि माझा फ्लॅश

माझ्या आत्याचा डोळे उघडे असलेला एकही फोटो आमच्या घरात नव्हता. लग्न, बारसं, सहल, कुठलाही फोटो काढून बघा. सगळे दात दाखवत उभे आणि मधोमध आत्या, मान जराशी तिरकी, केस चापूनचोपून बसवलेले, डोळे गच्च मिटलेले. बरं, तिची नोकरी कुठली? तर डोळ्यांच्या दवाखान्यात. एकतीस वर्षं तिने लोकांना यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून त्यांचे डोळे तपासले आणि वर बजावलं, पापणी अजिबात हलवायची नाही.

त्या मंगळवारी ती निवृत्त होणार होती. दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये निवृत्त झालेल्यांचे फोटो ओळीने लावतात. आत्याला त्या भिंतीवर जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, पण तिची एक अट होती.

"डोळे मिटलेला फोटो लागला तर पेशंट विचारतील, या कधी गेल्या?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मोकळा खिळा परवडला."

हे काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं. पोटापाण्यासाठी मी शिवणयंत्रं दुरुस्त करते, पण दोन महिन्यांपूर्वी मला कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. कॅमेरा जुन्या बाजारातला, फ्लॅश त्याहून जुना, त्याचं सेलचं झाकण रबरबँडने बांधलेलं. स्टुडिओतल्या मोठ्या छत्र्या आणि दिवे मला कुठले परवडायला? माझ्याकडे पांढरी चादर होती आणि ती दोन्ही हातांनी उंच धरून उभा राहणारा नवरा होता. आत्याला खिडकीशेजारी बसवायचं, फ्लॅशचं डोकं मागे वळवून उजेड माझ्या पाठीमागच्या चादरीवर मारायचा, म्हणजे तो मऊ होऊन परत येतो. हे मी फुकटच्या व्हिडिओंमधून शिकले होते आणि भेटेल त्याला ऐकवत होते. फ्लॅश विकणाऱ्याने सांगितलं होतं, ऑटोवर ठेवा, डोक्याला ताप नाही. मी ठेवला.

रविवारी सकाळी चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत डोळे बंद. एक-दोन-तीन म्हणून पाहिलं, न म्हणता पाहिलं, दोनवरच बटण दाबून पाहिलं. आत्या दर वेळी विचारायची, आला का? आणि मी चेहरा पाडायचे. शेवटी तीही हिरमुसली. म्हणाली, दोष माझ्यातच आहे, सोड.

मी कसली सोडतेय! लॅपटॉपवर फोटो सुधारायचा एक फुकटचा प्रोग्राम होता. तो उघडेपर्यंत चहा होतो आणि फोटो सेव्ह होईपर्यंत कप विसळून होतात. त्यात मी आत्याला दुसरे डोळे बसवायचं ठरवलं. तिचे उघडे डोळे कुठून आणणार? जवळ होते ते नवऱ्याचे. दोन तास खपून कडा पुसल्या, रंग जुळवला, भुवया सरळ केल्या. मला तर काम फार झकास वाटलं. आत्याने पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू माझ्यातून का बघतायत?"

आम्ही तिघंही हसून हसून आडवे झालो. पण मंगळवार काही पुढे जाणार नव्हता.

चोर पकडला तो नवऱ्याने, तोही चुकून. आमची फजिती जपून ठेवावी म्हणून त्याने चादर दाराला अडकवून फोनवर संथ गतीचा व्हिडिओ घेतला. तो बघताना मी ओरडलेच. उजेड एकदा नाही, दोनदा पडत होता! आधी एक इवलीशी चमक, मग खरा लखलखाट. ऑटोवर असताना फ्लॅश आधी चाचपणी करतो, खोलीत किती उजेड लागेल ते बघतो आणि मगच काम करतो. शिवणयंत्राचा पाय आधी कापडावर टेकतो आणि मग सुई चालते, तसंच. बाकीच्यांना ती चाचपणी कळतही नाही. आत्याची पापणी मात्र पहिल्या चमकेलाच निघायची आणि दुसरीला वेळेवर पोचायची.

"म्हणजे माझी पापणी शंभर नंबरी आहे," आत्या म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली. जुन्या फोटोंचं काय, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

फ्लॅश ऑटोवरून काढला. आता उजेड किती टाकायचा ते माझं मला ठरवायचं होतं. स्टुलावर उशी ठेवून सराव केला. पहिल्या फोटोत उशी पांढरीफटक, दुसऱ्यात काळोख, पाचव्यात उशीच्या शिवणीसुद्धा मोजता येत होत्या. मग उशीच्या जागी आत्या बसली. मी काही न बोलता बटण दाबलं.

उघडे! दोन्ही उघडे, तपकिरी, थोडे खट्याळ. मी नाचले, आत्या नाचली, नवरा नाचायला गेला आणि चादरीत गुरफटून पडला.

मग लॅपटॉप तापवला. चेहरा मोठा करून बघितला तर प्रत्येक डोळ्यात मधोमध पांढरा चौकोन आणि त्यात एक काळा ठिपका. धूळ असणार, म्हणून मी पुसायला घेतलं. शेजारी बसलेल्या आत्याने माझा हात धरला.

"थांब. अजून मोठं कर."

मी केलं. चौकोन म्हणजे आमची चादर. ठिपक्याला दोन कोपर आले, डोकं आलं, डोक्यासमोर कॅमेरा आला.

"डोळ्यातल्या या काळ्या गोलाला बाहुली म्हणतात," आत्या म्हणाली. "समोरचं माणूस त्यात एवढंसं दिसतं. एकतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघितलं, दर वेळी आत मीच. माझ्या डोळ्यांत कोण असतं, ते आज दिसलं. पुसू नकोस."

मला एकदम रडू आलं, आणि रडता रडता हसूही, कारण नवरा चादरीतून विचारत होता, मी दिसतोय का? तो दिसत नव्हता.

मंगळवारी फोटो भिंतीवर चढला. आत्या आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेशंटकडे टक लावून बघते. आणि त्या दवाखान्यात एक दिवसही नोकरी न करता मी त्या भिंतीवर लागले आहे, तेही दोनदा.