दाराला काय झालंय

गॅरेजचं दार उघडेना म्हणून माणूस बोलवावा लागला आणि तो फोन अर्थातच सुनेला करावा लागला. या घरातला कुठलाही फोन शेवटी तिच्याच गळ्यात पडायचा. नळवाला, गॅसवाला, नणंदेच्या सासरची मंडळी, सगळे तिच्या वाट्याचे. पण आजचा फोन करताना तिनं मुद्दाम एकदा चुकीचा नंबर फिरवला. दार का उघडत नाही ते तिला चांगलं ठाऊक होतं. रिमोटमधले चांगले सेल काढून तिनंच त्यात टीव्हीच्या रिमोटचे मेलेले सेल घालून ठेवले होते.

त्याला कारणही तसंच होतं. सासऱ्यांना आज मोटार काढून हायवेनं लेकीकडे जायचं होतं, शेजारी सासूबाईंना बसवून. आणि हायवे राहू दे, सासऱ्यांना हल्ली गल्लीच्या तोंडाचं वळणसुद्धा धड घेता येत नव्हतं. मागे त्यांनी स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली, आणि खांबच मध्ये आल्यासारखं त्याच्याकडे रागानं बघितलं. आज हे दोघं निघाले तर पोचतील की नाही, या विचारानं सुनेच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता.

तिचा नवरा म्हणाला होता, "मी बोलतो बाबांशी." बोललाही. टायरमधल्या हवेबद्दल बोलला आणि ऑफिसला गेला. त्याला तरी एकट्याला काय बोल लावायचा? या घरात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नव्हती. नकोसा पाहुणासुद्धा इथं जेवून, झोपून, हसतमुखानं निरोप घेऊन जायचा, आणि तो कोपऱ्यावर वळला की मग सगळे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. सरळ बोलणारी एकटी नणंद, तर तिला नेमकं इतक्या लांब दिलेलं. सकाळी दार उघडत नाही म्हटल्यावर तीच फोनवर ओरडली, "मग बोलवा ना कुणाला तरी! बघत काय बसलाय सगळे?" मग माणूस बोलावण्यावाचून इलाज उरला नाही.

दारवाला आला तोच दमलेला. सामानाची पिशवी त्यानं घरातून गॅरेजमध्ये आणून धप्पकन ठेवली आणि भिंतीला टेकून घोटभर पाणी मागितलं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून मोटारीपाशी उभे होते.

"काय होतंय, काका?"

"काहीच होत नाहीये," सासरे म्हणाले. "सावकाश बघा. घाई नाही आम्हाला."

दारवाल्यानं रिमोट हातात घेतला, दाबला, मागची झाकणी उघडली.

"ताई, सेल संपलेत हो. एवढंच." त्यानं पिशवीतले नवे सेल घातले. सुनेनं मनातल्या मनात हात टेकले. झालं, आता दार उघडणार, हे दोघं निघणार, आणि आपण दिवसभर फोनकडे डोळे लावून बसणार.

दारवाल्यानं बटण दाबलं. दार ढिम्म.

सून चक्रावली. तिनं तर तेवढंच केलं होतं! दारवाल्यानं भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं, तरी काही नाही. मग त्यानं वर छताकडे बघितलं, उसासा टाकला आणि कोपऱ्यातली शिडी ओढली. माणसाला गुडघे असतात हे जिना किंवा शिडी चढतानाच कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मोटरचा प्लग काढलाय," तो वरून म्हणाला. "पडला नाहीये. काढून, वायर नीट गुंडाळून ठेवलीय."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. नवरा.

"आला का माणूस? काय म्हणतो? प्लग सापडला का त्याला?"

"कुठला प्लग?" सून म्हणाली. प्लगचं त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं दार लोटून घेतलं. "तू काढलास?"

"अगं, हळू बोल. मग काय करणार होतो? बाबांना सांगणार होतो?" मग त्यानं विचारलं, "तू का कुजबुजतेयस?"

"मी सेल बदलले होते."

एरवी दोघं पोट धरून हसले असते. आज दोघांच्याही अंगात तेवढं त्राण नव्हतं. नवरा म्हणाला, "आता?" सून म्हणाली, "आता उघडेल," आणि तिनं फोन ठेवून दिला.

पण प्लग लावूनही दार उघडलं नाही. मोटर घरघरली, दार अंगात हीव भरल्यासारखं थरथरलं आणि जागच्या जागी थांबलं. दारवाला शिडीवरून उतरून त्या दाराकडे असा बघत राहिला, की जणू दारानं त्याला शिवी दिली होती.

"कुठंतरी अडतंय."

सुनेनं सासूबाईंकडे बघितलं. त्या पायरीवर हँडबॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "दाराला मी हातही लावलेला नाही. मी फक्त ह्यांचा लांबचा चष्मा लपवलाय."

सुनेला रडावं की हसावं कळेना. चार माणसांचं घर. एकीनं सेल, एकानं प्लग, एकीनं चष्मा, आणि सकाळी टेबलाशी चौघंही चहा पीत 'आज ऊन फार नाही' म्हणत बसलेले. इतकी वर्षं आपण याला समजूतदारपणा म्हणत आलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

दारवाला गुडघ्यावर बसून दाराची कड चाचपत होता. खाली, रंगाच्या डब्यांच्या मागे, जुनी आडवी कडी होती. मोटर बसवल्यापासून तिला कुणी शिवलं नव्हतं. आता ती भिंतीतल्या भोकात पुरती सरकवलेली होती.

"ही गंजलेली असणार, काका," दारवाला म्हणाला. "पण कुणीतरी तेल घालून सरकवलीय. बघा, तेल ओलं आहे अजून."

त्यानं कडी ओढली, बटण दाबलं, आणि दार कुरकुर न करता वर गेलं. गॅरेजभर ऊन आलं. उन्हात सासऱ्यांचा शर्ट लख्ख दिसला, आणि बाहीच्या काठावरचा तेलाचा काळा डागही.

सासऱ्यांना आनंद झाला नाही. त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं, बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं आणि ते दारवाल्याला म्हणाले, "आणखी काही बिघाड असेल. नीट बघा ना."

"नाही हो, काका. दार ठणठणीत आहे."

"स्प्रिंग वगैरे? एकदा बघून तर घ्या."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. बाहीवरचा डाग तिनं बघितलाच होता, पण समजलं तिला आत्ता. दारवाल्यालाही बहुतेक समजलं. तो पिशवी भरत म्हणाला, "दाराला काही झालेलं नाही, काका. घरच्यांनी त्याला सोडलं तर पुढेही काही होणार नाही." आणि तो गेला.

सासरे मोटारीला टेकून उभे राहिले. सून जवळ गेली.

"बाबा, कडी का लावलीत?"

"मागच्या खेपेला परत येताना," सासरे हळू आवाजात म्हणाले, "सिग्नल लाल आहे की हिरवा, ते मला दिसेना. पुढचा गेला म्हणून मीही गेलो. ट्रक इतका जवळून गेला, की त्याचा वारा लागला मला. आणि ही शेजारी झोपलेली. तिला जागसुद्धा आली नाही."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? लेकीला 'येतो' म्हटलेलं. आणि तुमच्यातलं कुणी विचारलं का? तुला दिसत होतं की सगळं."

दिसत होतं. सुनेला सगळं दिसत होतं, आणि तिनं सेल बदलले होते. भीती वाटली होती ती यांच्या जिवाची, आणि धीर झाला नव्हता तो यांच्याशी बोलायचा. तिला फार शरम वाटली.

"बाबा, मी विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?"

सासऱ्यांनी खरोखरच विचार केला. "नसतं सांगितलं. चिडलो असतो. दोन दिवस बोललो नसतो तुझ्याशी." मग म्हणाले, "पण तू विचारायला हवं होतंस."

"मी नेते तुम्हाला," सून म्हणाली. अंग मोडून आलं होतं, तरी म्हणाली. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

सासरे मोटारीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. गाडी जुनी, त्या बाजूचं दार आतूनच उघडून द्यावं लागायचं, आणि आजवर दर वेळी सासूबाईंसाठी ते त्यांनीच उघडलं होतं. ते काचेबाहेर हात खाली सोडून उभे राहिले. स्टिअरिंगमागे बसलेल्या सुनेनं आतून वाकून हात लांब केला आणि दार उघडलं.