दुखोवका आणि नीनाबाईचा ओवा

मी दुखोवका बोलतोय. नाव ऐकून लगेच पदर डोळ्यांना लावू नका. माझ्या पोटात दुःख नसतं, भाजणं असतं. नाव रशियन, अंग भिलाईचं. जन्मानं मी मातीतेलाचा, म्हणजे रॉकेलचा, पिपा. अंगावर तेलवाल्याचं नाव छापलेलं होतं, ते कात्रीनं कापताना अर्धंच उरलं. तेवढीच अक्षरं मला येतात. तरी तेवढ्या विद्येवर मी भल्याभल्यांची टर उडवत आलोय.

साठ सालाच्या सुमाराची गोष्ट. रशियनांच्या मदतीनं इथं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. तेव्हाची भिलाई अर्धी बांधलेली होती आणि अर्धी नुसती दिसायची, स्वप्नात दिसते तशी. काल जिथं मुरमाचं मैदान, तिथं आज क्वार्टरांची रांग. संध्याकाळी भट्टीचा स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, ओतला की सगळं आकाश तांबडं व्हायचं, आणि उंबरठ्यावर बसलेली माणसं विड्या हातात धरून माना वर करायची. मी तेजरामच्या अंगणात रिकामा पडून ते बघायचो.

तेजराम गोंदियाकडचा. नांगर सोडला तो थेट कोक ओव्हनवर आला. तिथला कोळसा जणू हाच भाजतो असा तोरा. त्याची बायको रंभा एका रशियन साहेबाच्या क्वार्टरात तेल लावायला जायची, त्याच्या बाळंतीण बायकोला, नीनाबाईला, आणि तिच्या महिनाभराच्या लेकीला. एका संध्याकाळी ती आली ती हातपाय न धुताच बसली.

"लेकरू माहं बोट चोखून राहिलं," ती म्हणाली. "बाईचं दूध आटून चाललं. चार दिवस झाले, नुसती चहा पेते."

"मंग साहेब का म्हणते?"

"शुक्रवारच्या गाडीत बसवतो म्हणते. मायकडं धाडतो. इथून दिल्ली, मंग इमान. उपाशी बाई, एवढंसं लेकरू. पोचन का ते?"

तेजरामनं विडी विझवली. रंभा सांगत राहिली. तिनं नीनाबाईला विचारलं होतं, काय खाशील? तर बाईनं डोळे मिटले आणि मोडक्या हिंदीत आईचं घर सांगितलं. बाहेर बर्फ, आत दुखोवका, दुखोवकात याब्लोको, आणि वरून अव्योस.

"याब्लोको म्हंजे सफरचंद, ते तिनं चित्र काढून दाखवलं. दुखोवका म्हंजे भाजाची इस्तवाची पेटी."

"अन् अव्योस?"

"ओवा, अजून का. बाळंतिणीले तिकडंबी ओवाच देतेत."

तेजरामला पटलं. मलाही पटलं. अर्ध्या अक्षरांचा पिपा आणि दोन बुकं शिकलेला तेजराम, आमच्यात हरकत घेणार कोण?

दुसऱ्या दिवशी त्यानं मला धरलं. आधी कचऱ्याच्या जाळात टाकून माझी तेलाची घाण जाळली. मग कापलं, ठोकलं, तळाशी वाळू भरली, वर लोखंडाची जाळी, आणि निखारे ठेवायला खोलगट झाकण.

"आमच्या ओव्हनची लहान बहीण झाली पहा," तो म्हणाला.

"बहिणीले मिशा कावून?" रंभानं माझ्या कापलेल्या कडांकडे बोट दाखवलं. तेव्हापासून नाव बाईचं आणि मिशा पुरुषाच्या असा माझा संसार आहे.

दुर्गच्या स्टेशनावरून तेजरामनं सहा सफरचंदं आणली. रंभानं तीनच चिरली. बिघडलं तर हाताशी तीन असावीत. फोडींवर साखर, वर तुपात चोळलेली कणीक, आणि कणकेत मूठभर ओवा. खाली सिगडी, डोक्यावर निखारे, गुरुवारची दुपार.

काय सांगू तुम्हाला. जन्मभर पोटात तेल घेऊन वावरलेला मी. पहिल्यांदा माझ्या आत काही गोड झालं. फोडी हळूहळू विरघळल्या, साखर बुडबुडली, वर कणीक तांबूस होत गेली. ऊब अशी चढली की वाटलं, बाहेर मुरूम नाहीच, बर्फच आहे, आणि कुणाची तरी आई खिडकीशी बसलीय. मी बर्फ कधी पाहिला नाही. पण त्या दुपारी पाहिला, माझी शपथ.

तेजराम आणि रंभानं मला तसंच गरम, काठीला अडकवून, साहेबाच्या क्वार्टरात नेलं. नीनाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. वास आला तशी वळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखोवका?"

"हो बाई. आमच्या ह्यायनं बनवली," रंभा तेजरामकडं बोट करून म्हणाली.

बाईनं एक घास घेतला. दाताखाली ओवा फुटला. डोळ्यांत पाणी आलं. रंभानं बशी खाटेवर ठेवली. मी झाकणासकट गार पडलो.

"ये अव्योस नहीं," नीनाबाई म्हणाली.

"कावून नाही? ओवाच त आहे."

बाई उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली. पेटीतून कागदाचा पुडा काढून तिनं रंभाच्या तळहातावर ओतला. चपटे, पांढुरके दाणे.

रंभानं निरखून पाहिलं. "हे त पोहे आहेत."

नीनाबाईला शब्द कळला नाही, चेहरा कळला. ती हसायला लागली. हसता हसता जीभ पोळल्यासारखं करत दुसरा घास घेतला, मग तिसरा. शेवटी बशीला बोट लावून ओव्याचे दाणे वेचून खाल्ले. तेजराम दाराशी नखं बघत उभा, जणू ओवा त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी साहेब तिकीट दाखवायला आत आला तेव्हा मी तिथंच पेटलेला होतो. उरलेली तीन सफरचंदं, वर पुड्यातल्या अव्योसचा लोण्यात परतलेला कुरकुरीत थर, आणि नीनाबाईनं स्वतःच्या हातानं घातलेला चिमूटभर ओवा. साहेबानं तिकीट खिशात घातलं, बशी संपवली, आणि गाडी नीनाबाईवाचून गेली. त्या आठवड्यात लेकरू आईपाशी पोटभर पिऊन झोपलं. रंभा बोट पुढं करायची, ते तोंड फिरवायचं. एवढा आनंदाचा अपमान तिचा कुणी केला नव्हता.

दोन वर्षांनी नीनाबाई मायदेशी परत गेली. लेक तिच्या पुढं पळत होती. पेटीत ओव्याची पुरचुंडी होती, मी पाहिली.

आता माझा तळ गंजलाय. रंभाची सून जया माझ्यात कांदे ठेवते. तो अव्योस, म्हणजे ओट्स, हल्ली इथल्या मोहन नगरच्या किराण्यातही मिळतात. म्हातारी रंभा त्यांना अजून नीनाबाईचा ओवाच म्हणते, दुकानदार साधा ओवा बांधून देतो, आणि घरी येऊन ती सुनेशीच भांडते.

माझं मागणं एवढंच. कधी सफरचंद आणलंत तर कांदे काढा, तळाला पत्र्याचा तुकडा मारा, डोक्यावर चार निखारे ठेवा. वर ओट्स घाला. आणि ओवाही घाला. कुणी हसलं तर हसू द्या. हसणारा माणूस दुसरा घास घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.