गाडीमागची लाट

दुपारी तीनलाच मरोळच्या एका ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. साकीनाक्याच्या पुढे पाणी भरल्याची बातमी फोनवरून आली होती आणि ज्यांना घाटकोपरकडे जायचं होतं त्यांचे चेहरे उतरले होते. नंदकिशोर प्रधान मात्र निर्धास्त होता. चार महिन्यांपूर्वीच त्याने सेकंडहँड गाडी घेतली होती आणि ती पाण्यात कशी चालवायची, याचा मंत्र त्याला हेडक्लार्क अनंत वाळिंबे यांनी दिला होता.

"एकदा पाण्यात शिरलास ना, की ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा नाही. थांबलास की वाट लागली. आणि ते बाजूला हात करत उभे असतात ना, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. गाडी बंद पडावी म्हणून टपलेले असतात साले. ढकलायचे दहा रुपये मागतात!"

सगळे हसले. हा सल्ला तुमच्याआमच्या ऑफिसातही कुणीतरी दिलेला असतो, आणि आपणही असेच हसलेलो असतो.

वाटेत नंदकिशोरने धाकट्या बहिणीला घेतलं. शुभा एमएस्सी होऊन मरोळलाच एका प्रयोगशाळेत लागली होती. समोर तांबूस पाणी दिसू लागताच ती म्हणाली, "दादा, सावकाश घे."

"सावकाश घेतली की सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं. गाडी बंद!"

"अरे, पहिल्या गिअरवर ठेव, इंजिनचा आवाज पडू देऊ नकोस. वेग मात्र माणूस चालतो तेवढाच ठेव. जोरात घेतलीस तर पुढे लाट उठेल आणि बॉनेटखाली शिरून तुझंच इंजिन भिजवेल."

"झालं लेक्चर? लॅबमधल्या बादलीत गाड्या चालवता वाटतं तुम्ही?"

"बादलीतच बघ ना. मधे जोरात हात मारला तर पाणी काठावरून सांडतं. इथे काठावर माणसं राहतात, दादा."

रस्त्याच्या कडेला खरोखरच बैठ्या खोल्यांची रांग होती. बाहेर पाणी, आत पाणी, मधे एका विटेची भिंत. साठीच्या घरातला एक माणूस मांडीपर्यंत पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "हळू! हळू!"

"आला बघ दहा रुपयेवाला," नंदकिशोर म्हणाला आणि त्याने पाय दाबला.

पाण्याचे दोन पंखे दोन्ही बाजूंना उडाले. शुभाने मागच्या काचेतून पाहिलं. लाट त्या माणसाच्या छातीवर आदळून पुढे गेली, भिंतीला धडकली आणि खिडकीपर्यंत चढली.

"दादा, थांब! थांब रे!"

तो थांबला नाही. गाडीच थांबली. थोडं पुढे गेल्यावर तिने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. नंदकिशोर चरफडत खाली उतरला, तोच मागून आलेल्या त्या माणसाने त्याची कॉलर धरली.

"डोळे फुटले काय रे तुझे? हात करतंय तो दिसाक नाय तुका?"

"मला वाटलं, तुम्हाला पैसे..."

"पैसे? भितूर माझी बहीण असा! पांगळी! भिंत सुटली मेल्या, भिंत!"

त्याचं नाव धाकू परब. सकाळपासून त्याच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता आणि त्याच भिंतीशी थोरल्या बहिणीची, सोनूबाईची, खाट होती. तिला उचलून बाहेर काढेपर्यंत गाड्यांनी हळू जावं, एवढंच तो मागत होता. आणि एवढंसुद्धा कुणी देत नव्हतं!

दोघं भाऊबहीण त्याच्यामागे धावले. आत भिंत पोटासारखी फुगली होती. धाकूची बायको मालन तिला फळी लावून उभी होती. नंदकिशोरचे कपडे पाहून ती कडाडली, "ह्या सायबाक कित्याक आणलास? भिंतीक खांदो देतलो तो?"

नंदकिशोरने मालनच्या हातातून फळी घेतली आणि पाठ लावली. शुभा छत्री घेऊन पुन्हा रस्त्यावर गेली. धाकू आणि मालन सोनूबाईला गोधडीत घेऊ लागली.

तेवढ्यात एका टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. पाठोपाठ शुभाचा आवाज, "हळू! अहो, हळू!" आणि इंजिनची चढत जाणारी घरघर.

आधी भिंतीने नंदकिशोरला आत ढकललं. त्याचे पाय सरकले. मग लाट मागे फिरली आणि तीच भिंत फळीपासून सुटून बाहेर ओढली गेली. सांध्यांतून माती ओघळली. लाट एक, पण मार दोनदा, येताना आणि जाताना! एक वीट त्याच्या खांद्यावर पडली.

"हळू रे! माणसं आहेत आत!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "दिसत नाही का तुम्हाला?"

"सोड! भायर ये!" धाकू दारातून ओरडला. सोनूबाई त्याच्या पाठीवर होती. नंदकिशोरने उडी मारली आणि त्याच्यामागे भिंत खाली बसली. खाट, भांडी, देव्हारा, सगळं चिखलात गेलं.

शुभा निथळत उभी होती. "त्या टेम्पोवाल्याने मला पाहिलं, दादा. पाहिलं आणि हॉर्न वाजवला!"

"मीही पाहिलं होतं गं," नंदकिशोर म्हणाला. मग तो धाकूकडे वळला. "परब, चुकलो मी. भिंत मी बांधून देईन."

"बांधशीत रे. ती तुका बांधूकच व्हयी." धाकूच्या आवाजातला राग तसूभरही कमी झाला नव्हता. "पण मागसून येतली त्या गाडयेक कोण सांगतलो?"

"सांगा मागसून," पाठीवरून सोनूबाई म्हणाली. "माका आधी खंय तरी टेकवा. ह्याची हाडां टोचतत!"

त्यांनी तिला नंदकिशोरच्या मागच्या सीटवर टेकवलं. स्टिअरिंग शुभाने धरलं. धाकू, मालन आणि नंदकिशोर यांनी गाडी मागून ढकलत चढावरच्या शाळेपर्यंत नेली. माणसाच्या चालीने निघालेल्या त्या गाडीमुळे एकाही उंबरठ्यावर पाणी चढलं नाही.

सोनूबाईला कोरड्या वर्गात निजवून नंदकिशोर परत पाण्यात उतरला आणि हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. काही गाड्या हळू झाल्या. पुष्कळ झाल्या नाहीत. एकाने काच खाली करून शिवी दिली. तरी तो अंधार पडेपर्यंत हलला नाही.

नागरिकहो, पावसाला शिव्या देणं सोपं आहे. पण ती भिंत पावसाने पाडली नाही. साचलेलं पाणी सलग असतं. रस्ता कुठे संपला आणि कुणाचं घर कुठे सुरू झालं, हे त्याला कळत नाही. ते स्टिअरिंगवर बसलेल्याला कळायला हवं! पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी नेतो तेव्हा आपण कुणाच्या तरी घरातून जात असतो. आणि दुसऱ्याच्या घरातून जाताना पावलं हळूच टाकायची असतात.